डिस्कची वाटणी की काळाची वाटणी? लिनक्स टाकण्याआधी वाचायचा थोडा इतिहास



पीएचडीला नाव नोंदवायच्या तयारीत असलेले बरेच जण लॅपटॉपवर लिनक्स टाकतात आणि एका स्क्रीनवर अडकतात. "डिस्कची विभागणी कशी करायची?" असं ते विचारतं, आणि आपण "नेक्स्ट" दाबून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं. त्याची किंमत काय झाली ते आधी सांगतो, मग इतिहासाकडे येऊ.

मी आष्टीचा. बीड जिल्ह्यातली आष्टी. बापू गोखले जिथे पडले ती १८१८ च्या लढाईची आष्टी सोलापूर जिल्ह्यातली, तिच्याशी गल्लत नको. पहिल्या वर्षी मी तालुक्यात फिरून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी रेकॉर्ड करत होतो. खडी फोडायची कामं, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी, ऊसतोडीला गेलेली घरं. सगळं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर, एकाच मोठ्या पार्टिशनमध्ये, दुसरी प्रत कुठेच नाही. एका संध्याकाळी अपडेट चालू असताना लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती. लाइट आली तेव्हा मशीन सुरू होईना. मी घाबरलो आणि पेन ड्राइव्ह लावून सरळ पुन्हा इन्स्टॉल केलं, "सगळी डिस्क पुसा" या पर्यायावर. तीन आठवड्यांचं काम गेलं. बाकीचे लोक पुन्हा भेटले, पुन्हा बोलले. पण ऐंशी पार केलेल्या एक आजी त्यात होत्या, त्या पुढच्या पावसाळ्यात गेल्या. त्यांचा आवाज आता कुठेच नाही.

नंतर कळलं की माझी सिस्टीम पाच-दहा मिनिटांत दुरुस्त झाली असती. सिस्टीम बिघडली होती, रेकॉर्डिंग बिघडलं नव्हतं. पण दोन्ही एकाच वाट्यात असल्यामुळे एकाला पुसताना दुसरंही पुसलं गेलं. हा वाटा वेगळा का करायचा, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यावरही एकेकाळी अडचणीच आल्या होत्या. त्या क्रमाने बघू.

पहिली अडचण: जागा पुरेना

१९६९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतली. तेव्हाच्या डिस्क जेमतेम काही मेगाबाइटच्या. एका डिस्कवर सिस्टीम, दुसरीवर वापरणाऱ्यांच्या फायली, अशी मांडणी होती. त्या दुसऱ्या डिस्कच्या जागेचं नाव "यूएसआर", म्हणजे यूझर. पुढे सिस्टीमच वाढली, पहिल्या डिस्कवर मावेना, आणि तिचे प्रोग्रॅम यूएसआरमध्ये शिरले. मग माणसांच्या फायलींना वेगळी जागा लागली, ती पुढे "होम" झाली.

म्हणून आजही लिनक्समध्ये यूएसआर नावाच्या फोल्डरमध्ये वापरणाऱ्याचं काहीच नसतं, सगळं सिस्टीमचं असतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचं वाटेल. वाडा पडून शंभर वर्षं झाली तरी चौकाचं नाव वाड्यावरूनच असतं, तसं. नावावरून आजचा वापर ठरवू नका, पण नाव का पडलं ते विचारा.

दुसरी अडचण: नोंद कुठे ठेवायची?

१९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला. एका डिस्कवर दोन सिस्टीम ठेवायच्या तर हद्दी कुठेतरी लिहायला हव्यात. त्यासाठी डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वापरला गेला. त्यातले ६४ बाइट हद्दींच्या नोंदीला, एका नोंदीला १६ बाइट. म्हणजे चारच वाटे. "चारपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन होत नाहीत" हा नियम जुन्या पुस्तकांत वाचला असेल, तो या ६४ बाइटमधून आला. त्याच नोंदीमुळे सुमारे २ टेराबाइटच्या पुढची जागा मोजता येत नव्हती.

ही नोंद म्हणजे डिस्कचा सातबारा समजा. कागद हरवला म्हणून जमीन कुठे जात नाही. पार्टिशनची नोंद उडाली तरी डेटा डिस्कवर असतो आणि बऱ्याचदा परत मिळतो. पण त्याच जमिनीवर नवी नांगरट झाली, म्हणजे नवीन सिस्टीम लिहिली गेली, की मग अवघड. म्हणून डेटा दिसेनासा झाला तर पहिला नियम: त्या डिस्कवर काहीही नवं लिहू नका. मी नेमकं उलट केलं.

आजच्या मशीनवर जीपीटी नावाची नवी नोंद असते. तिच्यात साधारणपणे १२८ वाट्यांची सोय असते, आणि मुख्य म्हणजे तिची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. नोंदीचीही दुसरी प्रत लागते, हे शिकायला असा वेळ लागला.

तिसरी अडचण: मध्येच लाइट जाणं

१९९१ मध्ये लिनक्स आली आणि १९९३ मध्ये तिची ईएक्सटी-२ ही फाइल सिस्टीम. मध्येच वीज गेली की पुढच्या वेळी अख्खी डिस्क तपासत बसावं लागायचं. नोव्हेंबर २००१ मध्ये ईएक्सटी-३ मुख्य कर्नलमध्ये आली, तेव्हा तिने जर्नल आणलं. दुकानदार खातेवहीत पक्की नोंद करण्याआधी रोजकीर्दीत लिहून ठेवतो, तसं. मध्येच काम तुटलं तर रोजकीर्द बघून खातं सरळ करता येतं.

त्याच दशकात आपल्याकडे खेड्यापाड्यांत तासन्‌तास भारनियमन होतं. ज्या गावात लाइट येण्यापेक्षा जाण्याचं वेळापत्रक पक्कं होतं, तिथल्या कॉम्प्युटरसाठी जर्नल हे मोठंच काम होतं. पण त्याची मर्यादा लक्षात घ्या. जर्नल फाइल सिस्टीमची घडी सावरतं. तुम्ही स्वतः चुकून पुसलेलं प्रकरण ते परत देत नाही. त्यासाठी कालची अवस्था जपून ठेवावी लागते.

कालची अवस्था जपायची कशी?

बेल लॅब्जच्याच लोकांनी पुढे प्लॅन ९ नावाची सिस्टीम केली. तिचा फाइल सर्व्हर रोज पहाटे सगळ्या फायलींची त्या दिवसाची अवस्था ऑप्टिकल डिस्कवर उतरवायचा. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्क, त्यामुळे खाडाखोड शक्य नाही. तारीख टाकली की त्या दिवशीची फाइल समोर. १९९४ मध्ये नेटॲप कंपनीच्या डेव्ह हिट्झ, जेम्स लाउ आणि मायकेल माल्कम यांनी एक निबंध मांडला, त्यातून "स्नॅपशॉट" ही कल्पना पुष्कळांपर्यंत पोचली.

रोज सगळ्याची नक्कल केली तर जागा कशी पुरेल? उत्तर पुण्यातल्या एका कामावरून समजून घेऊ. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते १९६६ मध्ये पूर्ण झालं. १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. पण १२५९ महाभारतं छापली नाहीत. वर एक संहिता, आणि कुठल्या पोथीत कुठे वेगळं आहे तेवढेच पाठभेद खाली. जे सारखं आहे ते एकदाच, जे वेगळं आहे त्याचीच वेगळी नोंद.

स्नॅपशॉटही असाच जागा वाचवतो. फाइल बदलली की जुना तुकडा खोडायचा नाही, बदललेला तुकडा नव्या जागी लिहायचा. चालू फाइल नव्या तुकड्याकडे बोट दाखवते, स्नॅपशॉट जुन्याकडे. न बदललेले तुकडे दोघांचे सामाईक. म्हणून स्नॅपशॉट क्षणात होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागाच खात नाही. याचा एक परिणाम मात्र गोंधळात टाकतो: तुम्ही १० जीबीचं रेकॉर्डिंग पुसलं तरी जागा मोकळी होत नाही, कारण जुना स्नॅपशॉट ते धरून बसलेला असतो. तो स्नॅपशॉट काढल्यावरच जागा सुटते.

हे सगळ्यांच्या हाती यायला वेळ लागला. सन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅट ॲरेन्स यांनी झेडएफएस केली आणि २००५ मध्ये तिचा कोड खुला झाला. पण तिचा परवाना लिनक्सच्या परवान्याशी जुळत नाही, म्हणून ती मूळ कर्नलमध्ये नाही. २००७ मध्ये ओहाद रोदेह यांच्या कल्पनेवर ओरॅकलमधल्या ख्रिस मेसन यांनी बीटीआरएफएस सुरू केली. २००९ मध्ये ती लिनक्समध्ये आली. २०१४ मध्ये ओपनसुसे १३.२ ने आणि २०२० मध्ये फेडोरा ३३ ने ती मूळ निवड केली.

वाटणी जागेची नाही, काळाची

ओपनसुसे १३.२ चीच मांडणी बघा. सिस्टीमला बीटीआरएफएस, आणि होमला वेगळं पार्टिशन, तेही एक्सएफएस या दुसऱ्याच फाइल सिस्टीमवर. असं का? कारण सिस्टीमचा आणि तुमच्या प्रबंधाचा काळ एक नाही. अपडेट बिघडलं तर सिस्टीम मंगळवारवर परत न्यायची असते. पण प्रबंधाचं बुधवारी लिहिलेलं प्रकरण बुधवारीच राहायला हवं. दोन्ही एका स्नॅपशॉटमध्ये बांधली, तर सिस्टीम वाचवताना प्रकरण मागे जाईल.

म्हणून पार्टिशन करताना "याला किती जीबी?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: कुठल्या गोष्टी एकत्र मागे गेलेल्या चालतील, आणि कुठल्या कधीच नाहीत?

मग तुम्ही काय करायचं?

एक साधी मांडणी देतो, ५१२ जीबीच्या लॅपटॉपसाठी. ईएफआय पार्टिशनला १ जीबी. उरलेल्या जागेत बीटीआरएफएस, आणि तिच्यात दोन सबव्हॉल्यूम, एक रूटसाठी, एक होमसाठी. दोन्ही एकाच साठ्यातून जागा घेतात, त्यामुळे एकाला कमी आणि एकाला जास्त असं होत नाही. बीटीआरएफएस नको असेल तर ईएक्सटी-४ वर रूटला ८० जीबी आणि बाकी सगळं होमला. विंडोज ठेवायची असेल तर "सगळी डिस्क पुसा" हा पर्याय सोडून हाताने मांडणी करा. आणि काहीही करण्याआधी सगळा डेटा बाहेर काढा.

लिनक्स मिंटमध्ये १८.३ पासून, म्हणजे २०१७ पासून, टाइमशिफ्ट सोबतच येतं. ते सिस्टीमचे स्नॅपशॉट घेतं आणि होम मुद्दाम वगळतं. ते तसंच राहू द्या. पण "टाइमशिफ्ट चालू आहे, म्हणजे प्रबंध सुरक्षित" असं समजू नका. बीटीआरएफएसवर ते वापरायचं असेल तर सबव्हॉल्यूमची नावं उबंटूच्या पद्धतीची लागतात, @ चिन्हाने सुरू होणारी. इन्स्टॉल करतानाच ती तपासा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही. संहिता आणि पाठभेद एकाच पुस्तकात असतात. पुस्तक जळालं तर दोन्ही गेले. डिस्क मेली तर तिच्यावरचे सगळे स्नॅपशॉटही मरतात. मूळ रेकॉर्डिंगचं एक फोल्डर वेगळं ठेवा, त्यात कधी काटछाट करू नका, काम नकलेवर करा. आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या. दुसरी डिस्क दुसऱ्या घरात ठेवा. माझी नगरला मावशीकडे असते. आष्टीहून कुणी ना कुणी जातंच. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून बघा. न उघडलेली प्रत ही प्रत आहे की नाही, सांगता येत नाही.

हे हाताने शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, तिथून सुरुवात करा. सी-डॅकची डेबियनवर आधारलेली बॉस लिनक्सही मराठीत वापरता येते. कुठलीही निवडा, वाटणीचा प्रश्न तोच राहतो.

आपण गेलेल्या काळाचे कागद शोधत फिरतो. कुणीतरी दुसरी प्रत ठेवली, म्हणून ते आपल्याला सापडतात. आपल्यानंतर कुणी १९७२ बद्दल विचारायला आलं, तर त्या आजींचं काय सांगू, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असावं, एवढ्यासाठी हे लिहिलं. आज रात्री प्रत घ्या, मग झोपा.