तळटीप : जोडचित्र
१. लेखकाने 'जोडचित्र' हा शब्द इथे सरळ 'खोटे छायाचित्र' या अर्थी वापरला आहे. ते मला सरसकट पटत नाही, म्हणून हा खुलासा. रोख आहे तो फ्रँक हर्ली यांच्या झोनेबेकच्या चित्राकडे. १९१७ साली हर्ली बेल्जियमच्या आघाडीवर ऑस्ट्रेलियन सैन्याचे अधिकृत छायाचित्रकार होते. खंदकातून वर चढणारे शिपाई, फुटणारे तोफगोळे, वर घिरट्या घालणारी विमाने हे सगळे एका क्षणी एका चौकटीत मावत नाही, ही त्यांची अडचण खरीच होती. शिपायांवर कॅमेरा रोखावा तर आभाळ रिकामे. म्हणून त्यांनी १२ निगेटिव्ह एकत्र केल्या. डार्करूममध्ये एकाच कागदावर एकेक निगेटिव्ह पाळीपाळीने उमटवायची, तेवढा वेळ बाकीचा कागद झाकून ठेवायचा. धुराच्या लोटांत सांधे मिसळून जातात. शिपाई मात्र प्रत्यक्ष चढाईतले नव्हेत, सरावाच्या वेळी टिपलेले. माझ्या मते खरी गोम इथे आहे, जोडण्यात नाही. युद्ध-इतिहासकार चार्ल्स बीन यांनी अशा जोडकामाला कडाडून विरोध केला. हर्लींनी राजीनाम्याची भाषा केली, तेव्हा कुठे प्रदर्शनापुरती ६ जोडचित्रांची परवानगी मिळाली. १९१८ मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत हे चित्र ६ मीटरहून रुंद करून लावले होते. प्रस्तुत आवृत्तीत चित्राखाली 'जोडचित्र. शिपाई सरावातील' ही ओळ मी मुद्दाम घातली आहे. – संपा.