स्पर्शाचे औषध

जवळ घेतल्याने भीती ओसरते, मन शांत होते असे आता डॉक्टरही सांगतात. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याने हे फार पूर्वीच पाहिले. वरोऱ्यात पावसात पडलेल्या कुष्ठरोगी तुळशीरामला पाहून बाबा आमटे आधी घाबरून दूर गेले; मग परतून त्यांनी त्याची सेवा केली. १९४९ साली महारोगी सेवा समिती निघाली, आनंदवन उभे राहिले.

या रोगात नसा निकामी होतात, हाताला स्पर्श कळत नाही. त्यातच माणसेही शिवेनाशी होतात. म्हणजे स्पर्श दोनदा हरवतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवलेल्या बहुविध औषधोपचाराने आज सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. पण बरा होऊन घरी आलेल्याला उराशी धरणार कोण? ते औषध दवाखान्यात मिळत नाही, आपल्याच दोन हातांत आहे.