कड्यातली घरे

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; इतिहासावर लिहावे एवढा माझा अधिकार नाही. पण धाकट्या भाऊजींकडे अमेरिकेस गेलो असता जे पाहिले, ते आपल्या मंडळाच्या उपयोगाचे वाटले, म्हणून हा प्रपंच.

कोलोरॅडो राज्यात मेसा व्हर्दे नावाचे पठार आहे. तेथे उंच कड्याच्या कपारीत दगडामातीची घरे बांधलेली आहेत. ‘क्लिफ पॅलेस’ ही त्यांतली सर्वांत मोठी वस्ती. तिच्यात सुमारे १५० खोल्या! शिडीवर माझे पाय लटपटले. मुले मात्र भराभर चढून गेली.

पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी ही वस्ती साधारण ११९० ते १२८० च्या दरम्यान बांधली. आपल्याकडे तेव्हा देवगिरीला यादवांचे राज्य होते. वर पठारावर मका, घेवडा, भोपळा पिकवायचा आणि मका दगडावर वाटायचा. दळून दळून झिजलेले ते दगड पाहिले आणि मला सासूबाईंचा पाटा आठवला. १२७६ पासून वीसएक वर्षे दुष्काळ पडला. १३०० च्या सुमारास सारे घरे सोडून दक्षिणेकडे गेले. पण ते लोक नाहीसे झाले नाहीत. होपी, झुनी इत्यादी त्यांचे वंशज आजही आहेत व ही जागा त्यांना पवित्र वाटते.

१८८८ नंतर येथली मडकी, वस्तू लोक खणून नेऊ लागले. तेव्हा पुढे आल्या त्या बायकाच! व्हर्जिनिया मॅक्लर्ग आणि ल्यूसी पीबॉडी यांनी १९०० साली स्त्रियांची संस्था उभी केली, सरकारदरबारी खटपट केली. पुढे दोघींचे बिनसले. एकीला वाटे, उद्यान राज्याचे असावे व देखरेख स्त्रियांची. दुसरी म्हणे, ते साऱ्या राष्ट्राचे व्हावे. तरी काम अडले नाही. २९ जून १९०६ रोजी ते राष्ट्रीय उद्यान झाले.

हे ऐकताना मी मनात ओशाळले. वाचनालय आधी की शिवणवर्ग आधी, यावरून आपल्यातही दोन तट पडले होते आणि मी रुसून चार महिने सभेला आले नव्हते. परत आल्यावर पहिल्याच सभेला हजर झाले, ते का, हे आज सांगून टाकते.