खोडदच्या तबकड्या आणि लेकीचा विषय

गटातून कर्ज काढून आपण लेकीला इलेक्ट्रिकलच्या एम.टेक.ला पाठवतो. विषय निवडायची वेळ आली की एवढंच विचारतो, ‘नोकरी कशात लागेल?’

आपल्या खोडदची दुर्बीण आठवा. तिच्या उभारणीचे प्रमुख गोविंद स्वरूप १९५० साली भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले. १९५३ साली ऑस्ट्रेलियात गेले, तिथे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा नाद लागला. अमेरिकेत स्टॅनफर्डला हे काम इलेक्ट्रिकल विभागात चाले, म्हणून ते तिकडे गेले. १९६१ साली पीएच.डी. झाले. आधी काम ठरलं, मग विभाग. पुढे खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या.

लेकीला आधी विचारू, ‘बाई, तुला करायचंय काय?’ विषय ती निवडेल. हप्ते आपण फेडू.