ब्लेड पटर म्हणजे काय? घ्यावा का?

गोल्फमध्ये चेंडू ग्रीनवरून होलमध्ये ढकलायची स्टिक म्हणजे पटर. त्यातला अरुंद, पट्टीसारख्या डोक्याचा प्रकार म्हणजे ब्लेड.

१९६६ मध्ये कार्स्टन सोल्हाइम यांनी पिंग अँसर बनवताना वजन डोक्याच्या दोन्ही टोकांना विभागलं. त्यामुळे चेंडू मधोमध लागला नाही, तरी डोकं कमी फिरतं. टायगर वुड्सने १५ पैकी १४ मेजर स्पर्धा याच धर्तीच्या स्कॉटी कॅमेरॉन न्यूपोर्ट २ ने जिंकल्या.

माझा अनुभव? रुंद डोक्याचा मॅलेट सोडून ब्लेड घेतला आणि सोपे पटही चुकायला लागले. विकायलाच काढला होता! मग मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढला. चेंडू टोकाकडे लागत होता. ही चूक जुनीच, मॅलेट ती सांभाळून घ्यायचा. ब्लेड लगेच हाताला कळवतो.

सराव करणार असाल तर ब्लेड घ्या, नाहीतर मॅलेटच बरा.