‘कायद्याच्या हद्दीत’: इजिप्तचे घटना-न्यायालय आणि मतस्वातंत्र्य

अनेक अरबी देशांच्या राज्यघटनांतून मतस्वातंत्र्याचे कलम दोन भागांत मांडलेले आढळते. पहिल्या भागात स्वातंत्र्याची हमी असते. दुसऱ्या भागात ‘फी हुदूद अल्-कानून’, म्हणजे ‘कायद्याच्या हद्दीत’, असे शब्द येतात. ‘हुदूद’ हे ‘हद्द’ या शब्दाचे अनेकवचन होय. ‘हद्द’ आणि ‘कानून’ हे दोन्ही शब्द फार्सीच्या द्वारे मराठीतही रुळलेले असल्यामुळे या वाक्खंडाचा अर्थ मराठी वाचकास निराळा सांगावा लागत नाही. परंतु येथे खरा प्रश्न अर्थाचा नसून अधिकाराचा आहे. ही हद्द आखावयाची कोणी, आणि ती आखणाऱ्याची हद्द कोणती? इजिप्तच्या घटना-न्यायालयाचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचाच इतिहास होय.

१९२३ च्या इजिप्शियन राज्यघटनेच्या १४ व्या कलमात हा वाक्खंड आला आहे. १५ व्या कलमाने वृत्तपत्रे स्वतंत्र असल्याचे घोषित केले; परंतु समाजव्यवस्थेच्या रक्षणार्थ आवश्यक वाटल्यास अपवादाची वाटही मोकळी ठेवली. कायदा घटनेशी विसंगत असल्यास काय करावे, याविषयी घटना मूक होती. १९४८ मध्ये राज्यपरिषदेच्या प्रशासकीय न्यायालयाने असा कायदा लागू न करण्याचा अधिकार आपणास असल्याचे प्रतिपादिले. तथापि १९५४ मध्ये जमावाने राज्यपरिषदेत शिरून तिचे अध्यक्ष व थोर विधिवेत्ते अब्द अल्-रझ्झाक अल्-सन्हूरी यांना मारहाण केली. पुढे १९६९ मध्ये नासर यांच्या शासनाने सुमारे दोनशे न्यायाधीशांना पदच्युत केले आणि त्याच वेळी घटनात्मकतेचा निर्णय करण्यासाठी एक ‘सर्वोच्च न्यायालय’ स्थापन केले. न्यायसंस्था मोडणे आणि घटना-न्यायालय उभारणे ही दोन कार्ये एकाच हाताने व्हावीत, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

१९७१ च्या घटनेने सर्वोच्च घटना-न्यायालयाची तरतूद केली व १९७९ च्या ४८ व्या कायद्याने ते प्रत्यक्षात आले. तेथे नागरिकास थेट दाद मागता येत नसे. चालू खटल्यात पक्षकाराने आक्षेप घ्यावा, मूळ न्यायालयास तो विचारार्ह वाटावा, आणि मगच प्रकरण घटना-न्यायालयापर्यंत पोहोचावे, असा हा मार्ग होता. न्यायालय स्वतः खटला पाठवी, तो दुसरा मार्ग. मात्र एकदा निर्णय झाला की तो सर्वांवर बंधनकारक ठरे.

अवद अल्-मुर्र हे अध्यक्ष असताना (१९९१-९८) मतस्वातंत्र्याविषयीचे महत्त्वाचे निर्णय झाले. सरकारी अधिकाऱ्यावर लेखाद्वारे आरोप करणाऱ्याने पहिल्या जबानीच्या वेळी, किंवा फार तर त्यानंतर पाच दिवसांत, पुरावा सादर केला पाहिजे, अन्यथा त्याचा तो हक्क संपुष्टात येई. फौजदारी प्रक्रियेतील ही तरतूद ६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यायालयाने रद्द ठरविली. १९९५ मध्ये पक्षाच्या पत्रातील लेखनाबद्दल पक्षप्रमुखास, आणि १९९७ मध्ये इतरांच्या लेखनाबद्दल मुख्य संपादकास, आपोआप अपराधी धरणाऱ्या तरतुदी अवैध ठरल्या. या निर्णयांचे सूत्र एकच होते: कायद्याने हद्द आखावी, परंतु हद्दीच्या नावाखाली मूळ हक्कच पोकळ करू नये. ‘कायद्याच्या हद्दीत’ या शब्दांना अशा रीतीने प्रथमच दुसरी बाजू प्राप्त झाली. कायद्यालाही हद्द आहे, असे न्यायालय सांगू लागले.

तथापि न्यायालयाचीही हद्द होती. याच १९९३ च्या जानेवारीत त्याने, आणीबाणीच्या काळात नागरिकांचे खटले लष्करी न्यायालयांकडे सोपविण्याचा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार मान्य केला होता. दुसरी मर्यादा नस्र हामिद अबू झैद यांच्या प्रकरणात स्पष्ट झाली. कैरो विद्यापीठातील अरबी भाषेच्या या अध्यापकाने कुराणाचा अभ्यास भाषिक संहिता म्हणून केला. १९९५ मध्ये अपील-न्यायालयाने त्यांना धर्मत्यागी ठरवून त्यांचा विवाह रद्द केला. १९९६ मध्ये कॅसेशन-न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि त्यांना हॉलंडमध्ये राहावे लागले. घटना-न्यायालय कायद्याच्या कलमाची परीक्षा करू शके, अन्य न्यायालयाच्या निकालाची नव्हे. ज्या हद्दीमुळे एका विद्वानाचे घर मोडले, ती तपासणे त्याच्या कक्षेबाहेरचे होते.

तिसरी मर्यादा नेमणुकीची. अध्यक्षपदी न्यायालयातील ज्येष्ठ सदस्यासच नेमण्याचा प्रघात २००१ मध्ये मोडून न्यायमंत्रालयातील फतही नगीब यांना आणण्यात आले. २०११ च्या क्रांतीनंतर, २०१४ च्या घटनेने ही निवड न्यायालयाच्या सर्वसाधारण सभेकडे सोपविली. २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच ज्येष्ठ उपाध्यक्षांतून करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांस दिला. दरम्यान, २०१६ च्या डिसेंबरात निदर्शनविषयक कायद्याचे एक कलम न्यायालयाने रद्द केले, पण इतर आक्षेपार्ह कलमे कायम ठेवली.

विशेष म्हणजे २०१४ च्या घटनेच्या ६५ व्या कलमात ‘कायद्याच्या हद्दीत’ हे शब्दच नाहीत. तरीही त्या घटनेखाली पत्रकारांना तुरुंगवास घडतच राहिला. शब्द असताना न्यायालयाने हद्द मागे सारली होती. शब्द गेल्यावर ती हटली नाही. तेव्हा मतस्वातंत्र्याचे रक्षण कलमाच्या शब्दरचनेपेक्षा ते कलम वाचणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर अधिक अवलंबून असते, एवढा निष्कर्ष या इतिहासातून निघतो.