भायखळ्याचं सिनेगॉग आणि वऱ्हाडचा कापूस

अकोल्याच्या माणसाला सिनेगॉगशी काय देणंघेणं, असं घरचे विचारतीलच. पण धागा आपल्याच कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीतल्या मुंबईत, १८६४ साली, डेव्हिड ससून यांनी भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉग उभं केलं. (पुण्याचं ससून हॉस्पिटल, तेच हे ससून. पैसा कापसाचा तसाच अफूचाही होता, हेही सांगून टाकतो.)

समोर खांब, वर घड्याळाचा मनोरा. लांबून चर्चच वाटावं. बगदादकडून आलेल्या ज्यूंसाठी ही जागा होती. वस्ती वाढली तशी १९१० मध्ये नातू जेकब ससून यांनी ती वाढवली. आवारात ज्यू मुलांसाठी शाळाही झाल्या.

आता अडचणीची गोष्ट. कोकणातले बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, घरात मराठी बोलणारे. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. बगदादी मंडळी मात्र त्यांना पुरते ज्यू मानायला तयार नव्हती. मुंबईच्या ज्यू दफनभूमीत दोघांच्या मध्ये भिंत घालावी, असा अर्ज बगदाद्यांनी १८३६ मध्येच सरकारकडे केला होता! सामूहिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. त्या दहांत बेने इस्रायली माणूस धरायलाही पुष्कळांचा नकार असे.

स्वातंत्र्यानंतर बगदादी कुटुंबं इंग्लंड, इस्रायल, ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. हळूहळू मुंबईतल्या त्यांच्या सिनेगॉगांत दहाचा आकडा भरू लागला तो बेने इस्रायलींमुळे. हे आपल्या पाठ्यपुस्तकात कधीच येत नाही, आणि मला ते पानिपताइतकंच महत्त्वाचं वाटतं. आवारातल्या शाळांत तर बहुतेक मुलं आसपासच्या मोहल्ल्यांतली मुसलमान. नुसत्या प्रार्थनेवर एवढं आवार गजबजतं राहिलं नसतं, असा माझा अंदाज.

अमरावतीच्या मावशीने सगळं ऐकून विचारलं, “मंग आता थे कोनाचं हाये रे?”

कागदोपत्री ससूनांच्या ट्रस्टचं, मावशी. शनिवारी प्रार्थनेला जमणाऱ्यांशी मात्र तू मराठीत बोलू शकशील.